डॅशकॅम: आधी बॅटरी बघा, फोर-के नंतर

माझ्या पहिल्या डॅशकॅमचं, म्हणजे गाडीच्या काचेवर लावून रस्त्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्याचं, चित्रण झकास होतं. सिग्नलला पुढची गाडी मागे घसरत माझ्या बंपरवर आदळली तेव्हा मी निवांत होतो, पुरावा आहेच म्हणून. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं, तर शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची. कार्ड केव्हाच मेलं होतं, लाल दिवा मात्र इमानदारीत लुकलुकत होता. वर आतली बॅटरी फुगल्याने कॅमेऱ्याच्या जोडावर फट पडलेली. तेव्हापासून कुणी डॅशकॅमबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: आत बॅटरी आहे की कपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज साठवणारा छोटा भाग?

लिथियम बॅटरीचा कॅमेरा वायर काढली तरी थोडा वेळ चालतो, हातात घेऊन गाडीभोवती फिरवता येतो. पण उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत काचेमागचं तापमान सहज ६० अंशांच्या वर जातं आणि लिथियमला नेमकं तेच सोसत नाही. कपॅसिटर उष्णता कितीतरी जास्त सहन करतो. त्यात वीज मावते ती काही सेकंदांपुरती, म्हणजे शेवटची फाइल नीट बंद करण्याइतकी. वायर सुटली की कॅमेरा बंद, हा त्याचा तोटा. गाडी उन्हात उभी राहत असेल, तर डोळे झाकून कपॅसिटरचाच घ्या.

आता फोर-के, म्हणजे चित्र किती बारकाईचं ते. १०८०पी म्हणजे सुमारे २० लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके), १४४०पी म्हणजे ३७ लाख, फोर-के म्हणजे ८३ लाख. दिवसा नंबरप्लेट वाचायला फोर-के खरोखर सरस. रात्री मात्र गणित फिरतं. अंधारात कॅमेरा एकेका फ्रेमला सेकंदाचा तिसावा भाग घेतो असं धरा. तेवढ्यात ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी ८० सेंटिमीटरहून अधिक पुढे सरकते. प्लेट पुसटच येणार, पिक्सेल कितीही असोत. त्यामुळे सुमार सेन्सरच्या फोर-केपेक्षा सोनी स्टारव्हिस २ सारख्या चांगल्या सेन्सरचा १४४०पी मला बरा वाटतो. काही स्वस्त कॅमेरे तर छोटं चित्र ताणून त्याला फोर-के म्हणतात. शिवाय ३० एमबीपीएसने (सेकंदाला ३० मेगाबिट) रेकॉर्डिंग केलं तर तासाला साडेतेरा जीबी जातात. ६४ जीबीचं कार्ड पाच तासांत भरून जुन्यावर नवं लिहायला लागतं. या सततच्या लिहिण्यानेच साधी कार्डं मरतात. हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं कार्ड घ्या आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

एक कॅमेरा की पुढे-मागे दोन? मागून ठोकणारे कमी नाहीत, तेव्हा दोन. फक्त मागची वायर डिकीच्या रबरी नळीतून ओढताना घाम निघतो.

वीज कुठून घ्यायची? लायटरच्या सॉकेटमधून घेतली तर पाच मिनिटांत काम होतं, पण वायर लोंबते आणि बहुतेक गाड्यांत इंजिन बंद होताच कॅमेराही झोपतो. गाडी फक्त चालताना रेकॉर्डिंग हवं असेल, तर एवढं पुरे. उभ्या गाडीवरही नजर हवी असेल तर हार्डवायर किट (कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूजबॉक्सला जोडणाऱ्या वायरी) लागतं. त्यात तीन वायर असतात: एक कायम चालू फ्यूजवर, दुसरी चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवर, तिसरी अर्थिंगसाठी बॉडीच्या बोल्टला. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नका. किटवर व्होल्टेज कट-ऑफ असतो, म्हणजे गाडीची बॅटरी ठरावीक व्होल्टेजपर्यंत उतरली की कॅमेऱ्याची वीज तोडतो. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ला ती निम्म्यावर आलेली असते. म्हणून मी कट-ऑफ १२.२वर ठेवतो, नाहीतर सकाळी धक्का मारायची पाळी.

बसवताना कॅमेरा आरशामागे, वायपर पुसतो त्या पट्ट्यातच असावा. पावसात फरक कळतो. काचेबाजूच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्यायची. एअरबॅगवरून गेलेली वायर ती फुगताना आडवी येते. इथे हात थरथरत असेल तर इलेक्ट्रिशियनकडे जा आणि तो पॅनेल उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा.

जी-सेन्सर (धक्का बसला की ती फाइल लॉक करणारा, म्हणजे पुसू न देणारा) मधल्या किंवा कमी पातळीवर ठेवा. जास्त ठेवला की प्रत्येक खड्ड्याला फाइल लॉक होते आणि लॉक फायलींनीच कार्ड भरतं. मग पहिल्याच रात्री एक चक्कर मारून या आणि फाइल मोबाइलवर नव्हे, मोठ्या पडद्यावर बघा.