जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि काळवंडलेली स्क्रीन: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग रामायण. लॅपटॉप २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, मध्यंतरी टाकून घेतलेली एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तिथे आमची डाळ शिजणार नव्हती. म्हणून दिवाळीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली, सिनॅमन डेस्कटॉपवाली. आज सोसायटीचे हिशेब, पत्रव्यवहार, बँकेची कामं सगळं त्याच्यावर चालतं आणि तक्रार करण्यासारखं फारसं काही नाही. पण सुरुवातीला हा लॅपटॉप भंगारात जाता जाता वाचला, तो स्क्रीनपायी.

मिंट सुरू झालं की स्क्रीन एकदम डिम. ब्राइटनेसची बटणं दाबली की पट्टी मस्त शंभर टक्क्यांपर्यंत जायची, उजेड मात्र तसूभर हलायचा नाही. रात्री कसंबसं भागायचं. आमची कोथरूडची गॅलरी पश्चिमेला आहे. दुपारी तिथे बसलं की मेंटेनन्सची थकबाकी दिसायच्या ऐवजी स्वतःचंच तोंड दिसायचं.

पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. त्याने बटण दाबलं, डेस्कटॉप येईपर्यंत मोबाइल बघितला आणि निदान केलं. "काका, पॅनेल गेलंय. साडेचार हजार. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

मी तिथेच काउंटरवर लॅपटॉप बंद करून परत चालू केला. कंपनीचा लोगो आला, पांढराशुभ्र, लख्ख. म्हटलं, "पॅनेल गेलंय, मग हे कसं काय दिसतंय?"

"सुरुवातीला तसंच दिसतं काका."

यावर काय बोलणार? लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आलो.

तो लोगोच सगळं सांगून जातो. स्क्रीन डिम वाटली तर कोणालाही पैसे द्यायच्या आधी बायोसच्या, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्या आधी चालू होणाऱ्या मशीनमधल्याच प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये जा (बहुतेक ठिकाणी एफ-टू किंवा डिलीट) आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. तिथे उजेड भरपूर असेल तर पॅनेल, त्याचे एलईडी, केबल सगळं ठणठणीत आहे, गडबड सॉफ्टवेअरची आहे. तिथेही अंधारच असेल तर मात्र दुकान गाठा. स्क्रीन झाकणासोबत हलवताना उजेड कमी-जास्त होत असेल तर केबलचा संशय घ्यावा. आणि पूर्ण काळ्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारल्यावर आतली अक्षरं पुसटशी दिसली, तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) खरंच गेलाय. माझ्याकडे लोगो लख्ख, ग्रबचा (लिनक्सच्या आधी येणारा, काय सुरू करायचं ते विचारणारा) मेनू लख्ख आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ग्राफिक्सचा ताबा घेतला की त्या क्षणी अंधार. म्हणजे चोर कुठे आहे ते ठरलंच होतं.

कारण असं. मागचा उजेड कमी-जास्त करायचे दोन रस्ते असतात. एक, बायोसला सांगायचं आणि बायोसने ते करायचं. हा एसीपीआयचा रस्ता. दुसरा, ग्राफिक्स ड्रायव्हरने थेट चिपला सांगायचं. याला नेटिव्ह म्हणतात. विंडोज ८ पासून दुसरा रस्ता रूढ झाला. म्हणून लिनक्सचा कर्नल आधी बायोस कोणत्या काळातलं आहे ते बघतो: विंडोज ८ ला ओळखणारं असेल तर साधारणपणे नेटिव्ह, त्याच्या आधीचं असेल तर एसीपीआय. माझं बायोस विंडोज ७ च्या जमान्यातलं. कर्नलने रीतसर त्याला विचारलं आणि ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये "बघतो, करतो" म्हणणाऱ्या मेंबरसारखं निघालं. होकार तत्काळ, काम शून्य.

हे डोळ्यांनी बघता येतं. सिस फोल्डरमध्ये क्लास, त्याच्या आत बॅकलाइट. माझ्याकडे तिथे फक्त 'एसीपीआय व्हिडिओ झिरो' होतं आणि त्याचा कमाल ब्राइटनेस १५. इंटेलच्या ड्रायव्हरचं नावच नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला 'एक्सरँडर' या कमांडने ब्राइटनेस वाढवा. तो करून बघू नका असं नाही, पण त्याने मागचा दिवा वाढत नाही, फक्त रंगांचे आकडे फुगतात. माझ्या एक्सेलसारख्या शीटमधल्या करड्या रेघा पांढऱ्यात विरघळून गेल्या, स्क्रीन होती तेवढीच मंद. दुसरा सल्ला 'नोमोडसेट', म्हणजे सुरू होताना कर्नलला द्यायचा एक शब्द. हा तर उलटाच. याने इंटेलचा ड्रायव्हर नीट चालूच होत नाही, रिझोल्यूशन पडू शकतं आणि ब्राइटनेसचा ताबा पार जातो. इन्स्टॉल करताना कुणी कंपॅटिबिलिटी मोड वापरला असेल तर हा शब्द मागे राहून गेलाय का, हे आधी तपासावं.

खरा उपाय एका शब्दाचा. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामा, लगेच फाइलला हात लावू नकोस, आधी एकदाच लागू होईल असं करून बघ." लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट धरून (नव्या मशीनवर एस्केप) ग्रबचा मेनू आणला, 'ई' दाबलं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे एक जागा सोडून लिहिलं: एसीपीआय, अंडरस्कोर, बॅकलाइट, बरोबरचं चिन्ह, नेटिव्ह. सगळं इंग्रजीत, लहान अक्षरांत, मध्ये कुठेही स्पेस नाही. एफ-टेन. डेस्कटॉप आला तो असा की मी बटणाने उजेड कमी केला.

ही पद्धत मला फार आवडली, कारण जमलं नाही तर नुसतं रीस्टार्ट करायचं, काही बिघडत नाही. नेटिव्हने फरक पडला नाही तर त्याच जागी व्हेंडर किंवा व्हिडिओ घालून बघायचं. जमल्यावर टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट (गडबड झाली तर मागे फिरता येईल अशी प्रत) घेतला, ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाइलमध्ये तोच शब्द टाकला आणि 'सुडो अपडेट-ग्रब' ही कमांड चालवली. आता त्या बॅकलाइट फोल्डरात 'इंटेल बॅकलाइट' दिसतं आणि कमाल आकडा चार हजारांच्या पुढे आहे.

त्यानंतर कर्नलचे अपडेट येत राहिले, पण ती ओळ ग्रबच्या फाइलमध्ये असल्यामुळे काही मोडलं नाही. दोन गोष्टींची सवय करावी लागली. बंद करताना सिस्टिम तेव्हाचा ब्राइटनेस लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच लावते. गुरुवारी लाइट गेल्यावर बॅटरी वाचवायला उजेड कमी करून बंद केला, की शुक्रवारी सकाळी तो तसाच डिम उठतो. दोष नाही, पण बायकोने "परत बिघडला का तुमचा?" म्हणून विचारलंच. शिवाय बॅटरीवर काही वेळ हात लावला नाही की स्क्रीन आपोआप मंदावते. ते पॉवर मॅनेजमेंटच्या ब्राइटनेस टॅबमधून बंद केलं. संध्याकाळी पिवळट होणारी नाइट लाइट मात्र चालू ठेवलीय, डोळ्यांना बरी वाटते.

भाच्याच्या नव्या एएमडी लॅपटॉपवर दुखणं वेगळंच. तिथे चार्जर काढला आणि पॉवर सेव्हर लावला की रंग फिके आणि स्क्रीन मंद. ते ड्रायव्हरचं मुद्दाम केलेलं वीज वाचवणं आहे. मोड बदलला की जातं, नाहीतर ग्रबच्या त्याच ओळीत 'एएमडीजीपीयू डॉट एबीएमलेव्हल' शून्य करायचं. नेटिव्हचा तिथे काही संबंध नाही.

बाकी थोडक्यात. वेग विंडोज १० पेक्षा बरा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून लगेच मिळाला. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या सोसायटीच्या फायली मात्र अगम्य चिन्हांत उघडतात, त्यासाठी एक विंडोजवाला शेजारी हाताशी असलेला बरा. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर हा लॅपटॉप टिकला तर बोनस.

एक खोड अजून आहे. ब्राइटनेस अगदी तळाला, शून्यावर नेला की बॅकलाइट पूर्ण बंद होतो आणि वाटतं लॅपटॉप गेला. गेलेला नसतो. न बघता वाढवायचं बटण दोन-तीनदा दाबायचं.