‘अँजेलाज अ‍ॅशेस’: लेखकाच्याच आवाजातील ध्वनिपुस्तक

फ्रँक मकॉर्ट यांचे ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ हे बालपणीच्या आठवणींचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढल्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. पुस्तकाची नव्याने ओळख करून देण्याचे त्यामुळे कारण उरलेले नाही. येथे परीक्षण करावयाचे आहे ते त्याच्या ध्वनिपुस्तकाचे, म्हणजे लेखकाने स्वतः वाचलेल्या सुमारे १५ तासांच्या संपूर्ण आवृत्तीचे. गोव्यात इंग्रजी आत्मचरित्रे आवडीने वाचणारे मराठी वाचक संख्येने फार नसतील, परंतु जे आहेत त्यांचा आयरिश लेखकांच्या घरगुती कहाण्यांवर विशेष जीव आहे, असे वाचकांच्या बैठकांत बसले की सहज लक्षात येते. दारिद्र्याच्या कहाण्या आपल्याकडे काही कमी नाहीत. मग आयर्लंडमधील लिमेरिक शहराच्या एका ओलसर गल्लीतील कुटुंब आपल्याला घरचे का वाटावे, या प्रश्नाचे उत्तर छापील प्रतीपेक्षा या ध्वनिमुद्रणात अधिक स्वच्छपणे मिळते, असे माझे मत झाले आहे.

छापील पुस्तकात संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. निवेदन बहुतांशी वर्तमानकाळात आहे आणि ते त्या त्या वयाच्या मुलाच्या समजुतीइतकेच बोलते. डोळ्यांनी वाचताना कोण कोणाला काय म्हणाले हे सुरुवातीची काही पाने चाचपडतच शोधावे लागते. कानांनी ऐकताना ही अडचण उरतच नाही. आजी खेकसली की ती आजीच असते. वडील उत्तरेकडच्या अँट्रिम परगण्यातले, आणि त्या उच्चारांमुळेच लिमेरिकमध्ये त्यांना कोणी काम देत नाही, हे पुस्तकात वाचून समजते, येथे ते ऐकू येते. मकॉर्ट नाटकी वाचन करीत नाहीत. प्रत्येक पात्रासाठी वेगळा आवाज काढण्याची हौसही त्यांना नाही. चांगला कीर्तनकार जसा केवळ मान किंचित वळवून सासूची सून करतो, तशी त्यांची पद्धत आहे. ही सफाई अचानक आलेली नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये त्यांनी जवळजवळ तीन दशके शिक्षकी केली, आणि वर्गातील दांडगट मुलांना गप्प बसवण्यासाठी याच कहाण्या त्यांना तोंडी सांगितल्या. पुस्तक आले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. ज्या मजकुराला इतकी वर्षे श्रोते लाभले, तो कागदावर आल्यानंतरही बोलता राहिला, यात आश्चर्य नाही.

नमुना म्हणून पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे येशूचे शरीर मानलेली पवित्र भाकरी मुलाने प्रथमच घेण्याचा, प्रसंग घ्यावा. आपल्याकडे ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी या सोहळ्याला पांढऱ्या पोशाखातले मूल, केक आणि पाहुण्यांची गर्दी पाहिलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. फ्रँकीच्या टाळूला पवित्र भाकरीची चकती चिकटते, जीभ फिरवून ती सुटत नाही, आणि दातांनी देवाला चावणे हे पाप. मग आजीच्या घरी भरपेट न्याहारी होते आणि त्या पोराच्या पोटात ढवळून सगळे तिच्या परसात पडते. आता परसात देव पडला, तो धुवायचा कसा? आजी नातवाची मानगूट धरून त्याला कबुलीजबाबाच्या खोक्यात पाठवते. पाद्री सांगतात, पाण्याने धुऊन टाक. आजी त्याला परत पाठवते: साधे पाणी की मंतरलेले? पाद्री म्हणतात, साधे. आजीचे समाधान तरीही होत नाही आणि पाद्रींचा संयम सुटत जातो. वाचताना हा प्रसंग विनोदी आहेच. ऐकताना मात्र त्या दोन वडीलधाऱ्या माणसांमध्ये निरोप्या झालेल्या मुलाचा आवाज इतका गंभीर राहतो की हसू आवरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाविषयी ‘स्मृतिचित्रे’मध्ये जे लिहिले आहे ते ज्यांनी वाचले असेल, त्यांना या आजीची नव्याने ओळख करून द्यावी लागणार नाही. धर्म बदलला, पाणी तेच.

विनोदाच्या लगेच मागे मृत्यू येतो, आणि वाचनाचा सूर त्यासाठी बदलत नाही. मार्गारेट ही तान्ही बहीण, कुटुंब न्यूयॉर्कमध्ये राहत असतानाच, तेथल्या ब्रुकलिनमध्ये जाते. आयर्लंडला परतल्यावर ऑलिव्हर आणि युजीन हे जुळे भाऊ एकामागून एक जातात. शवपेटीवर दारूचा पेला ठेवणाऱ्या बापाविषयी मुलाला आलेला राग मकॉर्ट आवाज चढवून सांगत नाहीत. ते थांबतही नाहीत, आणि मला सर्वांत जड गेले ते हेच. एखाद्या व्यावसायिक वाचकाने तेथे नक्कीच दीर्घ विराम घेतला असता.

आमच्या वाड्यावरील एक निवृत्त शिक्षिका काही संध्याकाळी माझ्याबरोबर हे ऐकायला बसत असत. पावसाळ्यात वीज गेली की दूरचित्रवाणी बंद आणि फोनमधले पुस्तक मात्र चालू, ही सोय आम्हां दोघांनाही मानवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिमेरिकच्या गल्ल्यांतले बाप इंग्लंडच्या कारखान्यांत कामाला जातात आणि शनिवारी तारेने पैसे पाठवतात, तो भाग लागला, तेव्हा बाईंनी मला यंत्र थांबवायला सांगितले. तार आणणारा पोरगा गल्लीत शिरतो, शेजारच्या दारांत पाकिटे देत जातो, त्या घरांतून रात्री मांस तळल्याचा वास येतो, आणि अँजेलाच्या, म्हणजे फ्रँकीच्या आईच्या, दारी तो पोरगा जवळजवळ कधीच थांबत नाही, कारण कॉव्हेंट्रीला गेलेला नवरा मजुरी पिऊन टाकतो. बाईंचे वडील आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नोकरीला होते. पोस्टमन वळणावर दिसला की आई पदराने हात पुसत सोप्यावर येत असे आणि तो पुढे गेला की उगाचच तुळशीला पाणी घालत असे, एवढेच त्या बोलल्या आणि मला म्हणाल्या, “लाव आता पुढचे.” बोटीवर, आखातात किंवा इंग्लंडात कोणीतरी गेलेले नाही असे घर गोव्यात शोधावे लागेल, मग ते हिंदूचे असो वा ख्रिस्त्याचे. पुढे चौदाव्या वर्षी फ्रँकी स्वतःच तारा वाटणारा पोरगा होतो, तेव्हा ऐकणाऱ्याला त्या सायकलीचे वजन कळते.

वाचकांचे आयरिश आठवणींवर प्रेम का जडते याविषयी बोलताना गरिबी, पाऊस, देवळे आणि स्थलांतर यांची यादी लगेच पुढे येते. अटलांटिकवरून येणारा पाऊस, भिंतींवरची बुरशी, हिवाळ्यात खालच्या खोलीत पाणी शिरले की माडीवर जाऊन राहणारे आणि त्या कोरड्या माडीला ‘इटली’ म्हणणारे कुटुंब, हे सारे जुलै महिन्यात गोव्यात बसून ऐकताना कल्पनेला फारसे ताणावे लागत नाही, हे मान्य आहे. परंतु साम्य हे प्रेमाचे कारण असते, तर कोकणातल्या प्रत्येक आठवणीवर आपण असेच प्रेम केले असते. माझ्या मते खरे कारण आईवडिलांकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. आपल्या वाचनसंस्कारात ‘श्यामची आई’ खोलवर बसलेली आहे. आई म्हटली की ती देव्हाऱ्यात गेलीच. अँजेला तशी नाही. ती धर्मादाय संस्थेच्या दारी रांगेत उभी राहते, पाद्रींच्या घराबाहेर उरलेल्या अन्नासाठी थांबते आणि मुलाला ती तेथे दिसते, ती दिवसेंदिवस विस्तवाकडे पाहत सिगारेट ओढते, आणि छप्पर टिकावे म्हणून एका नातलगाच्या घरात जे सहन करते ते मुलाला कळते. मुलगा तिच्यावर चिडतो, तिला मारतोही. हे सांगताना लेखक तिची बाजू मांडत नाही आणि तिच्यावर खटलाही भरत नाही. बापाच्या बाबतीत तर हे अधिक अवघड आहे, कारण पगार पिणारा, मध्यरात्री मुलांना उठवून आयर्लंडसाठी मरण्याची शपथ घ्यायला लावणारा हाच माणूस पहाटे चुलीशी बसून मुलाला कुहुलिन या वीराची गोष्ट सांगतो. ती गोष्ट फक्त आपली आहे, भावाला तिच्यात वाटा नाही, अशी फ्रँकीची ठाम समजूत असते. ज्या घरात खायला नाही तेथे गोष्टीच्या मालकीवरून भांडण होते. बापाची गाणी आणि त्या गोष्टी मकॉर्ट स्वतःच्या बेताच्या गळ्याने गाऊन आणि सांगून दाखवतात, तेव्हा बापाचा राग करणे ऐकणाऱ्यालाही कठीण होते.

लिमेरिकमधल्या अनेकांना मात्र हे पुस्तक रुचले नाही. शहर इतके वाईट नव्हते, माणसे इतकी कठोर नव्हती, असा आक्षेप त्यांनी घेतला. फ्रँक आणि त्यांचा भाऊ मलाकी हे दोघे मिळून आपल्या बालपणावर एक रंगमंचीय कार्यक्रम करीत असत, आणि त्याला आलेली त्यांची आई प्रेक्षकांतूनच उठून हे सगळे खोटे आहे असे म्हणाली, असे सांगितले जाते. चार वर्षांच्या मुलाला संवाद शब्दशः आठवणे शक्य नाही, हे उघड आहे. छापील पुस्तक वाचताना ही शंका मला अधूनमधून टोचत होती. ऐकताना ती कमी टोचते, कारण साक्ष नव्हे तर सांगणे चालू आहे याचे भान आवाज सतत ठेवतो. पण शंका फिटली असे मी म्हणणार नाही.

आता उणिवा. लिमेरिकचे उच्चार कानाला बसेपर्यंत पहिला तासभर कष्टाचा जातो, आणि ज्यांचे इंग्रजी प्रामुख्याने वाचनातून आलेले आहे त्यांनी जवळ छापील प्रत ठेवावी. मी ज्या अ‍ॅपवरून हे विकत घेतले तेथे ध्वनिफितीचे भाग पुस्तकाच्या प्रकरणांशी जुळत नव्हते, त्यामुळे एखादा प्रसंग पुन्हा ऐकायचा तर अंदाजाने मागे-पुढे करीत बसावे लागले. गती वाढवून ऐकण्याची सवय असणाऱ्यांनी येथे ती सोडावी, अन्यथा विनोद निसटतात. पुस्तकाचा शेवटचा चतुर्थांश, ज्यात तरुण फ्रँक सावकारीणबाईंची धमकीपत्रे लिहून अमेरिकेच्या भाड्याचे पैसे जमवतो, तो आधीच्या भागाइतका घट्ट नाही. मूल मोठे झाले की त्या आवाजातली जादू थोडी ओसरते. काही प्रसंग लैंगिक आहेत आणि तेही आडपडदा न ठेवता येतात, तेव्हा घरच्या मंडळींत मोठ्याने लावण्यापूर्वी विचार करावा. मोटारीत लावण्यासही हरकत नाही, परंतु टायफॉइडच्या इस्पितळातला भाग घाटात गाडी चालवताना लागू नये. तेथे लक्ष रस्त्यावर राहत नाही. बाजारात याची संक्षिप्त आवृत्तीही आढळते. ती घेऊ नये, कारण या कहाणीत जे वगळण्याजोगे वाटते, तेच नेमके ऐकण्याजोगे आहे.

मकॉर्ट कुटुंबाची ओढ लागलीच, तर पुढचा माल भरपूर आहे. फ्रँक यांनी १९९९ आणि २००५ मध्ये आणखी दोन आठवणींची पुस्तके लिहिली आणि तीही स्वतः वाचली. त्यांतले शिक्षकी पेशावरचे २००५ चे पुस्तक कोणत्याही शिक्षकाने अवश्य ऐकावे, मधले मात्र कडवट आहे. हयात राहिलेल्या चार भावांपैकी मलाकी आणि अल्फी यांनीही आपापल्या आठवणी लिहिल्या. त्याच घराकडे तिसऱ्या खिडकीतून पाहण्याची ही गंमत आपल्या आत्मचरित्रांत क्वचितच मिळते.

लिमेरिकच्या गल्लीनंतर मोकळा वारा हवा असेल, तर अ‍ॅलिस टेलर यांनी कॉर्क परगण्यातील शेतकरी घराविषयी १९८८ मध्ये लिहिलेल्या आठवणी घ्याव्यात. गवत कापणे, शेजारधर्म, शाळेची पायवाट, एवढाच त्यांचा ऐवज आहे आणि तो पुरेसा आहे. गोव्यातील वाचकाला मात्र मी सर्वप्रथम ह्यूगो हॅमिल्टन यांचे २००३ चे ‘द स्पेकल्ड पीपल’ सुचवीन. जर्मन आई, कट्टर आयरिश राष्ट्रवादी बाप, आणि घरात इंग्रजीचा एक शब्दही उच्चारण्याची मुलांना बंदी. बाहेर मात्र सारे डब्लिन इंग्रजीच बोलते. शाळेत एक भाषा, देवघरात दुसरी आणि बाजारात तिसरी, अशा घरांत जे वाढले, ज्यांच्या आजोबांनी पोर्तुगीजमध्ये अर्ज लिहिले, आजीने मराठीत ओव्या म्हटल्या आणि आईने कोंकणीत रागे भरले, त्यांना या बापाची जिद्द आणि त्या मुलांची कोंडी दोन्ही समजावून सांगण्याची गरज नाही. पण ते कागदावरच वाचावे, सावकाश. ध्वनिपुस्तक घ्यायचे असेल तर मकॉर्ट यांचेच घ्यावे, संपूर्ण आवृत्तीचे, आणि विकत घेण्यापूर्वी वाचन करणाऱ्याचे नाव फ्रँक मकॉर्ट असल्याची खात्री करून घ्यावी.