मोतिया रोशा म्हणून सोफिया रोशा दिला, माझे १ लाख ८२ हजार गेले

चार महिने हे लिहिण्याचं टाळत होतो. भाऊबंदांत अजून निम्म्या लोकांना खरा आकडा सांगितलेला नाही. पण मागच्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला, की मला सुगंधी तेलाचं रोशा गवत लावायला लावून फसवणारी तीच माणसं त्यांच्याकडं आली होती, तीच गुलाबाच्या वासाची बाटली घेऊन. तिथं अकरा जणांनी नोंदणी केली. म्हणून लिहितोय. प्रकरण सुरू असल्यानं वकिलांनी कंपनीचं नाव लिहू नका म्हणून बजावलंय. पद्धत वाचून ओळखणारे ओळखतील.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. मुरमाड, उताराची जमीन. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालोय. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे मला हेच ऐकवतात, की शिकलेला असून फसलास. अहो, शिकलेला होतो म्हणूनच फसलो! कंपनीच्या माणसांनी 'जिरॅनिऑल' (गुलाबी वासाचं द्रव्य) म्हटलं आणि मला वाटलं, आपल्याला समजणारी भाषा बोलणारं कुणीतरी पहिल्यांदाच गावात आलं. २०२४ च्या हिवाळ्यात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ असताना आडतीवर ४,१०० ला माल घालून आलो होतो. त्या अवस्थेत माणूस काय काय ऐकून घेतो, ते ज्यानं सोयाबीन विकलंय त्याला सांगायला नको.

मेळावा कसा असतो तुम्हाला माहीत आहे. मंगल कार्यालय, नाष्टा, प्रोजेक्टर, कुठल्यातरी शेतकऱ्याचा ट्रॅक्टरसोबतचा फोटो. पीक सांगितलं रोशा गवत, म्हणजे पामारोजा. यातलं पुष्कळसं खरं होतं, आणि तीच खरी मेख आहे. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल असतं, चांगल्या तेलात ७५ ते ९० टक्के, आणि गुलाबाचा जो वास आपण ओळखतो त्यात जिरॅनिऑलचा मोठा वाटा आहे, हे खरं. एकोणिसाव्या शतकात खानदेशात रोशाच्या भट्ट्या होत्या, तेल मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, हेही खरं. कमी पाण्यात येतं, जनावर फारसं तोंड लावत नाही, खरं. लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेनं त्याच्या सुधारित जाती काढल्यात, खरं. खोटं एवढंच होतं, की त्यातली 'तृष्णा' जात ते आम्हाला देणार होते.

पत्रक तर अजून जपून ठेवलंय. त्यात लिहिलंय, रोशाचं तेल शुगर, सांधेदुखी आणि कॅन्सरवर चालतं, म्हणून औषध कंपन्या रांगेत उभ्या आहेत. जिरॅनिऑलला जैविक क्रिया आहे, यात वाद नाही. तो चरबीत विरघळणारा लहान रेणू आहे, बुरशीच्या आणि जिवाणूंच्या पेशीच्या आवरणात शिरतो, आवरण गळकं होतं आणि आतलं द्रव्य बाहेर पडतं. कॅन्डिडा बुरशी काचेच्या बशीत त्यानं मरते. डासही दूर राहतात. पण काचेच्या बशीतली बुरशी वेगळी आणि माणसाच्या अंगातला आजार वेगळा. एवढं मला तेव्हाही कळत होतं. शुगर आणि कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. जो माणूस पत्रकात एक गुन्हा छापून वाटतो, तो करारात दुसरा करणार नाही कशावरून? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. तुम्ही विचारा.

स्टेजवर त्यांनी पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाकला. जेवणं होईपर्यंत तो उडून गेला, तेलकट डाग राहिला नाही. 'बघा, शंभर टक्के शुद्ध.' लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या चाचणीवरून फार तर एवढंच कळतं, की खोबरेल किंवा सरकीसारखं गोडंतेल मिसळलेलं नाही. तेल कुठल्या गवताचं, त्यात कारखान्यातलं जिरॅनिऑल ओतलंय का, यातलं काहीएक कळत नाही.

आता रकमा. नोंदणी एकरी ५,१००, दोन एकरांचे १०,२००. एकरी १५,००० ठोंब, ३ रुपयाला एक, असे ३०,००० ठोंबांचे ९०,०००. गाडीभाडं ६,८००. गावात तिघांत मिळून डिस्टिलेशन युनिट, म्हणजे तेल काढायची भट्टी, बसवायचं होतं, त्याचा माझा हिस्सा ७५,०००. बायकोचं गंठण गहाण ठेवून तो भरला. एकूण १,८२,०००. तेल किलोला २,२०० रुपयांनी विकत घेण्याची हमी, ५०० च्या स्टँप पेपरवर. युनिट आजतागायत आलेलं नाही.

आणि आता तो दिवस, जो मला रात्री झोपू देत नाही. ८ जुलै २०२५. टेम्पो बांधावर लागला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले ठोंब उतरवले. शेजारच्या वावरातले आबा आले. त्यांचं सगळं आयुष्य डोंगरात गुरं राखण्यात गेलं. त्यांनी एक पान तोडलं, दोन्ही तळव्यांत खसाखसा चोळलं, नाकाशी नेलं आणि तसाच हात माझ्या नाकापुढं धरला. म्हणाले, "मास्तर, ह्यो डोंगरावरचा रोशा न्हाई. त्याचा हात धुतला तरी दिवसभर गोड वास येतो. ह्याला रंगाच्या तेलावानी वास येतोय."

मी वास घेतला. मलाही आला. उग्र, टर्पेंटाईनसारखा, गुलाबाची झाकसुद्धा नाही. मी काय म्हणालो? "आबा, प्रवासात कोमेजलंय, रुजलं की येईल वास." कंपनीच्या पोरानं मान डोलावली आणि मी उरलेले ४०,००० तिथंच, बांधावर उभा राहून, फोनवरून पाठवले. आबांचा हात अजून माझ्यापुढंच होता.

पान चोळून बघायला डिग्री लागत नाही. ठोंब उतरवण्याआधी चोळा. गुलाबाचा गोड वास नाही आला तर टेम्पो परत पाठवा, ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल.

माझ्या बाजूनंही एक सांगतो, कारण मूर्ख ठरवणाऱ्यांना हे माहीत नसतं. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. शास्त्रीय नाव एकच, दिसायला इतके सारखे की नुसत्या पानावरून जाणकारही बोट ठेवून सांगत नाहीत. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, त्यालाच भाव. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी; लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल असली द्रव्यं जास्त, त्याला बाजारात जिंजरग्रास म्हणतात आणि भाव पार उतरलेला. म्हणजे डोळ्यांनी ओळखणं मला शक्यच नव्हतं. नाकानं होतं.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्याकडं सोयाबीन वाहून गेलं, गवत मात्र उतारावर तगलं. त्याचाही आनंद झाला होता. नोव्हेंबरात तुरे आले, कापणी केली. युनिट नाही, म्हणून चाळीस किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याच्या भट्टीवर नेऊन तेल काढलं. २१ किलो निघालं. लावणीची मजुरी १४,४००, खत-निंदणी १९,६००, ट्रॅक्टर आणि भट्टीचं भाडं ११,५००. कंपनीला फोन केले, बावीस दिवस 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. शेवटी एक जण येऊन छोट्या बाटलीत नमुना घेऊन गेला आणि व्हॉट्सॲपवर निरोप आला: जिरॅनिऑल ३८ टक्के, करारातल्या कलम ९ प्रमाणे ८० टक्क्यांखालचा माल स्वीकारता येत नाही.

कलम ९ वाचलं होतं मी. मला ते योग्यच वाटलं होतं, कारण चांगला माल द्यायची माझी तयारी होती. ठोंब तेच देणार, जात तेच ठरवणार, आणि टक्का भरला नाही तर दोष माझा! विकत घेण्याची हमी असते ती अशी. करारात मालाची अट असेल तर ठोंबांचीही अट लिहून घ्या: जात चुकली तर पैसे परत. सही करायला कां-कूं करायला लागले की तिथंच उठा.

मी तेल स्वतः प्रयोगशाळेत दिलं. काउंटरवर 'जीसी-एमएस' चाचणी म्हणायची, म्हणजे तेलातली द्रव्यं वेगळी करून ओळखणारी; नाहीतर भलतंच करून देतात. जीएसटीसकट १,७७० रुपये. जिरॅनिऑल ३१.४ टक्के, आणि आलेखावर लिमोनीन व पेरिलिल अल्कोहोलची ठळक शिखरं. हा रिपोर्ट पाठवला तर म्हणाले, तुम्ही कापणीची वेळ चुकवली. साफ खोटं. तुरा कोवळा की पक्व, यावर जिरॅनिल ॲसिटेट आणि जिरॅनिऑल यांचं प्रमाण पुढं-मागं होतं, हे खरं; पण त्यानं मोतियाचं सोफिया होत नाही. हेच १,७७० रुपये लावणीच्या आधी खर्चायला हवे होते. ठोंब जिथून काढतात म्हणून ते दाखवतात, त्या मदर प्लॉटवर जा, अर्धा किलो पाला स्वतःच्या हातानं कापा आणि जवळच्या फार्मसी कॉलेजात द्या. त्यांच्याकडं क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण असतं, तीन-चार तासांत दीड-दोन मिली तेल निघतं. चाचणीला तेवढं पुरतं. त्यांनी छापलेल्या रिपोर्टवर जाऊ नका. आम्हाला दाखवलेल्या रिपोर्टवर नमुना कुणाचा, कुठल्या तारखेचा, काहीच नव्हतं.

यापुढचं लिहिताना हात थरथरतो. कृषी कार्यालयात गेलो. बियाण्याच्या तक्रारीसाठी तालुक्याला समिती असते, तिनं येऊन पंचनामा करायचा असतो. साहेब म्हणाले, हे आमच्या यादीतलं पीक नाही, सोयाबीन-कापूस असता तर बघितलं असतं. पाकीट आहे का? टॅग आहे का? ठोंबाला कुठून टॅग येणार? दुसऱ्यांदा गेलो तर सगळा स्टाफ अतिवृष्टीच्या पंचनाम्यांवर. ते मला मान्य, तिथं लोकांची घरं गेली होती. तिसऱ्यांदा गेलो, तर अर्जच सापडत नव्हता. पोच घेतलेली प्रत दाखवली तेव्हा म्हणाले, "तुम्हाला लावायला आम्ही सांगितलं होतं का?"

पोलिसांत गेलो. तीन तास बाकड्यावर. मग ऐकायला मिळालं, करार झालाय ना, मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, एक जात सांगून दुसरी दिली, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तर म्हणे, कंपनीचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडं जा. नव्या कायद्यात हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं नोंदवावी लागते. हे मी तोंडावर सांगितलं. त्यावर हवालदार म्हणाला, "लई शिकलाय तुम्ही, मग फसला कसे?" बाकड्यावरची माणसं हसली. पैसे गेले त्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलंय. घरी येऊन तक्रार रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवली. पोचपावती आली, उत्तर नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर फोन केला, ते म्हणाले तुम्ही स्वतःहून पाठवलेत, वर पाच महिने उलटलेत. जो तो पुढचं दार दाखवतो, आणि प्रत्येक दाराला माझी एकेक दिवसाची मजुरी आणि पेट्रोल जातं.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार घातली. तिथं कंपनीचा वकील म्हणणारच, की शेतकरी व्यापारासाठी पिकवतो, तो ग्राहक नाही. घाबरू नका. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच, अगदी माल कंपनीच परत घेणार असली तरी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. मला वकिलाच्या नोटिशीचे ३,५०० लागले. सगळं धरून २,३२,७७० रुपये घरातून गेलेत. अगरबत्तीवाला तेल किलोला ४०० नं मागतोय.

२१ किलोचे कॅन माळवदाच्या खोलीत झाकून ठेवलेत. गवत पुन्हा कमरेला आलंय. वखर घालून मोडून टाकावं, असं रोज वाटतं, पण वकील म्हणतात, आयोगाचा तज्ज्ञ येऊन पाहीपर्यंत एक ठोंबही उपटू नका. ज्यांनी याच माणसांकडून घेतलंय त्यांनीही उभं पीक मोडू नका, पंचनामा होऊ द्या. तारीख पुढच्या महिन्याची आहे. आबांनी साक्षीला यायचं कबूल केलंय.