कोंबुच्यासाठी पाणी : नळाचं, बोअरचं की आरओचं?

दोन-तीन महिन्यांतून एकदा चार-पाच लिटर कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) किंवा गूळ-आल्याचा सोडा लावायचा, तर पाणी कुठलं घ्यावं? घर बेळगाव जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला आहे, त्यावर हे ठरतं.

खानापूरकडं जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ. त्यात डाळ चटकन शिजते, चहाचा रंग स्वच्छ उतरतो. अथणी-रायबागच्या काळ्या रानातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, आणि कोरा चहा कपात जरा निवला की त्यावर तवंग येतो. या तवंगाकडं नीट बघा, कारण कोंबुचा म्हणजे शेवटी चहाच.

बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं. त्यात क्षारांचा त्रास नाही, सांभाळायचं ते क्लोरीनला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ते जंतू मारण्यासाठीच असतं, आणि कोंबुचा आंबवणारी चकती, स्कोबी, म्हणजे तर यीस्ट आणि जिवाणूंचं बिऱ्हाड. पण चहासाठी पाणी उकळायचंच असतं. झाकण न ठेवता दहा मिनिटं खळखळू दिलं की क्लोरीन निघून जातं. एवढ्यासाठी शहरात नवा आरओ घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन.

जड पाण्याची गोष्ट वेगळी. त्यातले बायकार्बोनेट आम्ल मारतात, त्यामुळं कोंबुचा आंबायला वेळ लागतो. पीएच (आंबटपणाचं माप, आंबट होईल तसं उतरतं) 4.2 च्या वर जितका जास्त काळ राहील तितका बुरशीचा धोका जास्त. लॅबच्या अहवालात ‘पिण्यायोग्य’ लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका : मानकात टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम असली, तरी दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. उकळून, निववून, वरचं निवळ पाणी ओतून घेतलं तर जडपणा थोडा कमी होतो, पण पुरता जात नाही. उसाच्या पट्ट्यात खतांमुळं नायट्रेट असेल तर ते उकळून मुळीच जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं. इथं आरओच हवा. त्याचा पडदा 90 टक्क्यांहून जास्त क्षार अडवतो आणि त्याआधीची कार्बनची गाळणी क्लोरीन काढते.

घरात आरओ नसेल तर गावच्या आरओ प्लँटवर नाणं टाकून 20 लिटरचा कॅन भरून आणा. कधीमधी करणाऱ्याला हा सगळ्यात शहाणा मार्ग. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागं बऱ्याचदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. उन्हाळ्यात बोअर आटणाऱ्या गावात ते पाणी मोरीत जाताना बघवत नाही. ते बादलीत धरून फरशीला वापरावं. टीडीएस 500 च्या आत असेल तिथं आरओ नको, असं हरित लवादानंही 2019 मध्ये म्हटलं होतं.

आरओचं पाणी निर्जंतुक असतं, हा समज मात्र सोडा. क्लोरीन गेलेलं पाणी टाकीत साठून राहतं, आणि टाकी नळीसकट बुळबुळीत होऊ शकते. गावाला जाऊन आलात तर आधीची टाकी रिकामी करा, नवी भरू द्या, आणि तेही पाणी उकळूनच घ्या.

टीडीएसचा स्क्रू मेकॅनिकनं उघडा ठेवला असेल तर शुद्ध पाण्यात कच्चं पाणी मिसळत असतं. टीडीएस मीटर बुडवून बघा. 50 ते 150 दिसलं तर चहाला छान. 20 च्या खाली असेल तरी कोंबुच्याला चालतं, चहाच्या पानातून थोडे क्षार उतरतातच. वॉटर केफिरचं, म्हणजे यीस्ट-जिवाणूंच्या दाण्यांनी आंबवायच्या साखरपाण्याचं, तसं नाही. त्याच्या दाण्यांना क्षार लागतात, कोऱ्या आरओच्या पाण्यात साखर घालून ठेवले तर ते हळूहळू मलूल होतात. त्यांच्यासाठी एक तृतीयांश उकळलेलं विहिरीचं पाणी मिसळा, नाहीतर साखरेतली थोडी काढून तिथं गूळ घाला.