अ‍ॅरिस्टॉटलचं ‘निकोमाखियन एथिक्स’ (इंग्रजी पेपरबॅक): घ्याच!

वाचायला दोन महिने लागले पण पैसे वसूल. आधी मला वाटायचं यातला मुख्य शब्द व्हर्च्यू म्हणजे आपलं पुण्य, सदाचार वगैरे, पण मूळ ग्रीक शब्द आहे अरेटे आणि तो माणसापुरता नाहीच, डोळ्याची अरेटे म्हणजे नीट दिसणं, घोड्याची म्हणजे चांगलं पळणं, स्वाराला पाठीवर नीट नेणं आणि शत्रूसमोर न बुजणं, थोडक्यात ज्याचं जे काम ते उत्तम होणं. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

दुसरा भाग तर तीनदा वाचला. लायर (जुनं ग्रीक तंतुवाद्य) वाजवून वाजवूनच वादक तयार होतो तसं धाडसाची कामं करूनच माणूस धाडसी होतो, नुसतं ऐकून नाही. आणि वागण्यात अति आणि कमी यांच्यातला मध्य गाठायचा म्हणजे सरसकट अर्धं अर्धं नव्हे हो, मिलो पैलवानाला जो खुराक कमी पडेल तोच नवशिक्याला जास्त होईल!

१० भागांपैकी पाचवा, न्यायावरचा, जड जातो. मैत्रीवरचे आठवा-नववा फार सुंदर.

छपाई मात्र बारीक, टिपा सगळ्या शेवटी, आणि सहाव्या भागापाशी पानं सुटली, सेलोटेप लावून वाचतेय. हार्डकव्हर मिळालं तर तेच घ्या.