ग्लासगो ते बॅरा: ओहोटी बघून सुटणारं विमान

ग्लासगोत राहायला आल्यापासून बॅराला चारदा गेलो, जाताना चारही वेळा विमानानेच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. बॅरा म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज बेटं आहेत ना, त्यातलं अगदी दक्षिणेकडचं छोटं बेट, आणि तिथे विमान चक्क पुळणीवर उतरतं. त्राय वोर नावाचा किनारा आहे, त्यावर त्रिकोणात तीन रनवे, टोकांना लाकडी खांब रोवलेत, बाकी नुसती वाळू. भरती आली की तिन्ही पाण्याखाली, त्यामुळे टाइमटेबल समुद्राच्या हिशोबाने लागतं, आजची वेळ उद्या असेलच असं नाही. आणि हे 1936 पासून चालू आहे!

पहिल्यांदा गेलो 2014 ला, आईला घेऊन. आई हर्णैची, सगळं आयुष्य भरती-ओहोटी बघत गेलेलं. विमान ट्विन ऑटर, फक्त 19 सीट, पंख्यांचा आवाज एवढा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, पण पुढे बसलं की पायलटच्या खांद्यावरून समोरचं सगळं दिसतं. उतरायला लागलो तशी आईने माझं मनगट घट्ट धरलं, "अरे रुतेल ना रे हे!" चाकं टेकली, ओल्या वाळूचं पाणी फर्रकन खिडकीवर उडालं आणि विमान आरामात थांबलं. रुतलं वगैरे काही नाही, वाळू कडक आहे. उतरून टर्मिनलकडे चालता चालता आई वाकली, एक शिंपला उचलला, अंगठ्याने वाळू पुसली, त्यावरच्या उभ्या रेघांवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "तिसऱ्यांच्याच जातीतला दिसतो हा." बरोबर होतं, कॉकल म्हणतात त्याला, हा किनारा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मग कासलबेला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावाला गेलो, तिथे भर पाण्यात किसिमुलचा किल्ला, तो बघून तर ती गप्पच झाली. घरून सुवर्णदुर्ग दिसतो ना तिला.

2015 ला नवीन विमानं आली, तीही ट्विन ऑटरच, मजा तीच. टर्मिनल एवढंसं आहे, सामान बस स्टॉपसारख्या शेडमध्ये मिळतं, आतल्या कॅफेत चहा घेऊन दुसरं विमान उतरताना बघा, नक्की बघा. फक्त विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) फडकत असेल तर पुळणीवर पाय ठेवायचा नाही, हा नियम मनापासून पाळा.

त्रास एकच, हवामान. एकदा परतताना असं धुकं पडलं की फ्लाइट झालीच नाही, बोटीने मुख्य भूमीवरच्या ओबान बंदरात आलो, जवळजवळ पाच तास. तेव्हा परतीनंतर लगेच मुंबईची फ्लाइट ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि आईकडूनही, ती अजून फोनवर विचारते तिकडे ओहोटी किती वाजता म्हणून.