पीएफसेन्सवर फायबर + फोरजी फेलओव्हर, काही महिने वापरल्यावर

मुख्य लाइन फायबर, बॅकअपला फोरजी मॉडेम आणि मध्ये पीएफसेन्स (राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर), असा सेटअप बरेच महिने रोज वापरतोय. निकाल आधीच सांगतो, लाइन पडली की दुसरीवर जाणं झकास जमतं, पण पहिलीवर परत येणं तेवढं सरळ नाही आणि डोकं खरं तिथेच लावावं लागतं.

बेसिक काम थोडंच आहे. गेटवे (म्हणजे बाहेर जायची वाट, दर लाइनचा एक) यांचा ग्रुप बनवायचा, फायबर टियर 1 म्हणजे पहिली पसंती आणि फोरजी टियर 2, मग राउटिंगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून तोच ग्रुप निवडायचा. हे शेवटचं बरेच जण विसरतात, मग राउटरचं स्वतःचं डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणं) बंद पडलेल्या लाइनवरच अडकून बसतं. मॉनिटर आयपी, म्हणजे लाइन चालू आहे का ते बघायला ज्याला पिंग करतात तो पत्ता, इंटरनेट कंपनीच्या गेटवेचा ठेवू नका, कारण गेटवे पिंगला मस्त उत्तर देत असतो आणि त्याच्या पुढे सगळं मेलेलं असतं. बाहेरचा द्या, 1.1.1.1 वगैरे, पण दोन्ही लाइनला वेगवेगळा.

डिफॉल्टला दर अर्ध्या सेकंदाला पिंग जातो, मागच्या 60 सेकंदांची सरासरी धरतात आणि लॉस (उत्तर न आलेले पिंग) 20 टक्क्यांवर गेला की लाइन डाउन. म्हणजे केबल पूर्ण तुटली तरी साधारण 12-15 सेकंद जातातच, व्हिडिओ कॉल तेवढा गोठतो. आणि परत येताना हाच हिशोब उलटा, जुना लॉस सरासरीतून निघून जायला पाऊण मिनिट तरी लागतं. मला हे बरंच वाटतं, तोवर लाइन टिकते का ते कळतं. खरा वैताग अर्धमेल्या लाइनचा, लॉस 20 च्या आसपास घुटमळत असला की राउटर झोपाळ्यासारखा इकडून तिकडे.

आता परत येण्याचं. फायबर आलं तरी आधीच चालू असलेली कनेक्शन फोरजीवरच राहतात, नवी तेवढी फायबरवर. ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण वायरगार्ड (व्हीपीएन) टनेलमध्ये 25 सेकंदांचा कीपअलाइव्ह, म्हणजे कनेक्शन जिवंत ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं पॅकेट, असेल तर ती स्टेट (राउटरकडची चालू कनेक्शनची नोंद) मरतच नाही आणि टनेल निवांत मोबाइल डेटा खात बसतो. नवीन व्हर्जनमध्ये गेटवे रिकव्हर झाल्यावर स्टेट मारायचा पर्याय आहे तो चालू करा, त्या क्षणी चालू असलेला कॉल तुटेल पण ते परवडतं.

डेटावरून अजून एक. टीव्ही आणि क्लाउड बॅकअप फक्त फायबरवर राहावं म्हणून फायरवॉलच्या रूलमध्ये फायबरचा गेटवे दिला तरी पुरत नाही, कारण तो गेटवे डाउन झाला की डिफॉल्टला रूल गेटवेशिवाय बनतो आणि ट्रॅफिक सरळ फोरजीवर! गेटवे डाउन असताना रूल बनवूच नको ही सेटिंग टिक करायची आणि खाली त्याच डिव्हाइससाठी ब्लॉक रूल टाकायचा, दोन्ही हवेत, नुसतं एक केलं तर ट्रॅफिक खालच्या जनरल रूलने निघून जातं.

बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं असेल तर मात्र फोरजीवर बहुतेक वेळा निराशाच. वॅनला (राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूला) 100.64 ने सुरू होणारा आयपी दिसला की समजा सीजीनॅट आहे, म्हणजे कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं ट्रॅफिक आतल्या सर्व्हरकडे वळवणं) आणि डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायम एक नाव) दोन्ही तिथे निरुपयोगी. त्यासाठी बाहेर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊन घरातूनच तिकडे टनेल टाकलाय, लाइन कुठलीही असो तो आतून बाहेर जातो त्यामुळे चालतो.